मुठीकडून धारेकडे

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक घडीचा चाकू आणला, ८० रुपयांना. मूठ शिंगाची, एका बाजूने तडकलेली. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. पातं निम्म्याहून जास्त झिजलेलं, बांबूच्या चोयीसारखं अरुंद. विकणाऱ्याने शेजारचाच एक चकचकीत चाकू उघडून माझ्यापुढे धरला. "ताई, हा न्या. त्यात काय राहिलंय?" मी झिजलेलाच कागदात गुंडाळून मागितला.

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे वहीत नोंद करायला बसले आणि मागची पानं चाळता चाळता संध्याकाळ तिथेच गेली.

ही वही १९९३ सालची आहे. भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपच्या, म्हणजे पोलाद भट्टीत तापवून कठीण करणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी तेव्हा नुकतीच लागले होते. लॅबमध्ये जॉब, म्हणजे तपासायचा भाग, आला की आधी रजिस्टरला चढवायचा, मग हात लावायचा, ही शिस्त अंगात भिनली आणि ती चाकूंनाही लागू झाली. लाल बॉलपेनने उभ्या रेघा मारून रकाने पाडायचे: क्रमांक, तारीख, नाव, किंमत आणि पुढे जे काही नोंदवण्यासारखं वाटेल ते. बत्तीस वर्षांत चाकू बदलले, हे तर मला माहीत होतंच. परवा लक्षात आलं की त्याहून जास्त बदलले आहेत ते रकाने. एकाच चाकूबद्दल काय लिहून ठेवावंसं वाटतं, तेच दर काही वर्षांनी बदलत गेलंय.

पहिल्या पानावर पहिली नोंद: व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा घडीचा चाकू, स्पार्टन, ९१ मिमी, लाल. मामा मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने आणला. भावाला घड्याळ आणि मला चाकू. आई म्हणाली, "मुलीला काय चाकू आणलास रे?" मामा म्हणाला, "ती कारखान्यात जाते ना, तिला लागेल." त्यापुढचा रकाना आहे 'हत्यारं किती'. स्पार्टनपुढे लिहिलंय १२. आणि ती बारा कुठली तेही समासात बारीक अक्षरात: मोठं पातं, लहान पातं, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, दोन स्क्रूड्रायव्हर, वायरचं आवरण काढायची खाच, टोच्या, बूच काढायचा मळसूत्री दांडा, चिमटा, दातकोरणी, कडी. बूच काढायला आमच्या घरात काही नव्हतं, पण काथ्याच्या दोरीची पावसाने आवळलेली गाठ त्या दांड्याने जशी सुटते तशी दुसऱ्या कशाने सुटत नाही. इतर लोकही तो गाठी सोडवायला वापरतात, हे नंतर कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

त्या काळात माझ्यासाठी चाकू म्हणजे त्याची मूठ. तो लाल चकचकीत सेलिडॉर, म्हणजे मुठीचं प्लास्टिक, त्यावरचा क्रॉस, आणि मुठीत किती काय मावलंय ते. त्याच कंपनीचा हंट्समन घेतला, क्लायंबर घेतला, आणि १९९९ च्या दिवाळी बोनसमधून स्विसचॅम्प. त्याच्या रकान्यात ३३ हा आकडा मी दोनदा गिरवलेला दिसतो. वजन १८५ ग्रॅम. पर्समध्ये ठेवला की खांद्याला कळायचं. भिंग, पक्कड, करवत, छिन्नी, मासे खवलायचं पातंसुद्धा. गावी गेले की बोयीची खवलं त्याने काढायची आणि वहिनीला दाखवायची, हा माझा कार्यक्रम असे.

आजही मला वाटतं की त्या वेडाला एक खरा पाया होता. व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक कार्ल एल्सनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कारखान्यातून स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले ते १८९१ मध्ये. ते जड शिपाई-चाकू होते. मग १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी जो चाकू नोंदवला त्यात दोनच स्प्रिंगांवर सहा हत्यारं बसवली होती. एकच स्प्रिंग एका बाजूने पातं दाबते आणि पाठीच्या बाजूने टोच्या. यंत्रं जवळून पाहिलेल्या माणसाला यातलं सौंदर्य सांगावं लागत नाही. स्विसचॅम्पच्या एवढ्या हत्यारांमागेही तीच युक्ती आहे. वेंगरचे चाकूही मी याच ओढीने जमवले. देलेमाँचा हा दुसरा कारखाना १९०८ पासून सैन्याचे निम्मे चाकू पुरवायचा. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने तो विकत घेतला आणि २०१३ नंतर वेंगर नावाचे चाकू निघणं थांबलं. वेंगरच्या कात्रीच्या पात्याला बारीक दाते असत, त्यामुळे कापड निसटत नसे. ती कात्री मला अजून आवडते.

एक गोष्ट मात्र त्या पानांवर कुठेच नाही. चाकूने काय कापलं, ते. बारा-तेरा वर्षांच्या नोंदींमध्ये एकदाही नाही. बहुतेक चाकू खोक्यातच होते. पात्यावरचा तेलाचा हात मी पुसलासुद्धा नव्हता, कारण पुसला की तो 'नवा' राहणार नाही.

२००६ पासून रकाने बदलतात. 'हत्यारं किती' संपलं. त्या जागी तीन नवे: 'कुलूप', 'पोलाद', आणि 'एचआरसी', म्हणजे पोलादाच्या कठीणपणाचा आकडा.

भाचा शिकायला अमेरिकेला गेला आणि पहिल्या सुट्टीत त्याने विचारलं, "मावशी, तुला काय आणू?" इंटरनेटवर वाचून वाचून माझं ठरलेलंच होतं. स्पायडर्को या अमेरिकन कंपनीचा डेलिका. आडनावासारखी ओळख असलेलं ते पात्यावरचं गोल भोक, आणि खिशाला अडकवायची क्लिप. या दोन्ही गोष्टी स्पायडर्कोच्या सॅल ग्लेसरने १९८१ मध्ये एकाच चाकूत आणल्या आणि खिशातला चाकू कायमचा बदलला. आधी पातं उघडायला दोन हात आणि नखाची खाच लागायची. आता अंगठा भोकात घालून ढकललं की पातं उघडून मागे खट्ट करून अडकतं. ते अडकणं, तो आवाज, तो मला व्यसनासारखा लागला. आवड मुठीवरून सरकून सांध्यावर आली होती. बॅक लॉक, लायनर लॉक, फ्रेम लॉक, कुलुपाच्या प्रत्येक प्रकाराची आकृती काढलेली आहे वहीत. स्विस सैन्यानेही २००८ मध्ये एका हाताने उघडणारा, कुलुपाचा १११ मिमी चाकू निवडला, ते वाचून मला आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं होतं.

आणि पोलाद. इथे तर माझं माहेरच. दिवसभर लॅबमध्ये मी तेच करत होते. डाय मेकरकडून डी-२ चे पंच यायचे, ओएचएनएसचे गेज, ईएन-३१ च्या रिंगा, ही सगळी पोलादांची नावं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं ५८ ते ६० एचआरसी. कठीणपणा मोजायच्या रॉकवेलच्या मशीनवर जॉब ठेवायचा, १२० अंशाचा हिऱ्याचा शंकू, १५० किलोचा भार, काटा थांबला की आकडा वाचायचा. साडेसत्तावन आला की जॉब परत भट्टीत. पोलादाची परीक्षा म्हणजे तो आकडा, दुसरं काही नाही, अशीच माझी समजूत होती.

तेव्हा साहेबांच्या परवानगीने, शिफ्ट संपल्यावर, मी माझे चाकू एकेक करून त्या मशीनवर चढवले. पात्याच्या बुडाशी, जिथे धार सुरू होत नाही, तिथे. आजही त्या सगळ्यांवर हिऱ्याचा तो बारीक खळगा आहे. डेलिकाचं व्हीजी-१० पोलाद साडेएकोणसाठ. आणि माझा पहिला, मामाने दिलेला स्पार्टन: ५६. त्या छप्पन्नखाली मी लाल रेघ ओढलेली आहे. आमच्या लॅबमध्ये असा जॉब मी नापास केला असता. त्या महिन्यानंतर स्विस चाकू खणाच्या मागच्या कप्प्यात गेले.

पुढची सात-आठ वर्षं म्हणजे पोलादांच्या नावांची. एस३०व्ही हे नाव मी तेव्हा देवाच्या नावासारखं घ्यायचे. २००१ मध्ये खास चाकूंसाठीच बनवलेलं पोलाद. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम. साध्या पद्धतीने ओतलं तर एवढ्या व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे कार्बनशी जुळून झालेले कठीण कण, गारेसारखे मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं. म्हणून वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा करून आधी भुकटी करतात आणि मग ती भुकटी उष्णतेत दाबून पुन्हा एक ठोकळा करतात. कण आधीच गोठलेला, त्यामुळे कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही. हे मी घरी आलेल्या पाहुण्यांनाही समजावून सांगायचे. आजही सांगेन, कारण ही खरंच माणसाने केलेली मोठी गोष्ट आहे. आणि मग स्वस्त चाकूंमध्ये डी-२ यायला लागलं, आमच्या पंच-डायचं पोलाद, तेव्हा घरचं माणूस मोठ्या पदावर गेल्यासारखा आनंद झाला होता.

या काळातला शिरोमणी २०१२ मध्ये आला. कुणाचा ते नाव लिहीत नाही. टायटॅनियमची मूठ, फ्रेम लॉक, पातं ४ मिमी जाड, एकसष्ट एचआरसी, बावीस हजार रुपये. तोपर्यंत एवढे पैसे मी स्वतःवर एका वेळी कधी खर्च केले नव्हते. दोन वर्षं तो मखमलीच्या पिशवीत होता.

२०१४ च्या गणपतीत मी तो गावी घेऊन गेले. आमचं गाव राजापूर तालुक्यात. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी पडवीत आई विळीवर बसली होती आणि शेजारी दोन मोठी तवशी, म्हणजे कोकणातल्या मोठ्या काकड्या, पडली होती, हाताच्या कोपरापर्यंत लांब. कोशिंबिरीसाठी फोडी करायच्या होत्या. मी म्हटलं, एक मी करते. चाकू काढला, अंगठ्याने उघडला, वहिनीच्या मुलांनी 'वा' केलं. तवशावर धार टेकवली, दाबली. सेंटीमीटरभर गेली आणि तिथून पुढे तवसं कापलं गेलं नाही, उकललं. कड्‌कन आवाज झाला आणि फाक वाकडीतिकडी सुटून जमिनीवर पडली. दुसऱ्या फोडीचंही तेच. धार कमी नव्हती, त्याच धारेने मी हातावरचे केस उडवले होते.

आई म्हणाली, "ठेव गो तो. तवसं फोडू नको, काप."

मग तिने विळी माझ्याकडे ढकलली. काळीकुट्ट, लोहाराने कधीतरी पाजलेली, कुठलं पोलाद ते विचारायची सोय नाही. तवसं तिच्यातून पाण्यासारखं गेलं. फोडी इतक्या पातळ की पलीकडचं बोट दिसावं.

पुण्याला येताना मी विळी आणू शकत नव्हते, म्हणून पुढच्या खेपेला लॅबचा मायक्रोमीटरच गावी नेला. आईला वाटलं काहीतरी कारखान्याचं काम असेल. धारेपासून किंचित मागे, जिथे धार लावलेला उतार संपतो तिथे, विळीची जाडी भरली पाव मिलिमीटर. माझ्या एकसष्टवाल्याची तिथेच ०.८. तिप्पटीहून जास्त. म्हणजे धार वस्तरा होती, पण तिच्या मागे पाचर होती. पहिला सेंटीमीटर धार कापते, त्यानंतर पाचर आत शिरून फळ फाडते. मऊ गोष्टीत कळत नाही, पण तवसं, गाजर, सफरचंद, कच्चा आंबा, या कडक आणि रसरशीत वस्तूंमध्ये लगेच कळतं. वीस वर्षं धातुशास्त्रात काढून मी पोलादाच्या पोटातलं सगळं वाचत होते आणि आकार बघितलाच नव्हता. आई विळी निवडताना नखावर पातं वाकवून बघायची, तेवढीच तिची परीक्षा. तिला ते बरोबर ठाऊक होतं.

त्याच वर्षी स्पार्टन मागच्या कप्प्यातून पुढे आला. छप्पन्नचा अर्थ मला तेव्हा लागला. पातं पातळ ठेवायचं असेल तर पोलाद चिवट हवं, नाहीतर धारेचे टवके उडतात. आणि सैनिकाला, शेतकऱ्याला हाताशी येईल त्या दगडावर धार लावता आली पाहिजे. माझा एकसष्टवाला एकदा बोथट झाला तेव्हा साध्या निसण्यावर त्याला काही होईना, कारण व्हॅनेडियमचे कार्बाइड निसण्याच्या कणांपेक्षा कठीण असतात. हिऱ्याची पट्टी आणून दोन संध्याकाळी घासला. स्पार्टनला पाच मिनिटं लागतात, चहाच्या कपाच्या खालच्या खरबरीत कडेवरसुद्धा. वहीतल्या त्या लाल रेघेवर मी काट मारली आणि शेजारी तारीख घातली.

त्यानंतर नवा रकाना: 'धारेमागची जाडी'. आवड अखेर धारेपर्यंत पोचली.

या रकान्याने आधी ओपिनेल आणला. फ्रान्सच्या सावोय भागात जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवायला घेतलेला शेतकऱ्यांचा चाकू. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ नंबरांत मापं पाडली आणि पातं अडवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. माझा ८ नंबरचा आहे, साध्या कार्बन पोलादाचा. किंमत त्या मखमलीतल्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तवसं कापतो, विळीसारखं.

पावसाळ्यात कोकणात नेला की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पात्याला आवळून धरतं. लाकडाचा स्वभावच तो, सावोयच्या डोंगरातही हेच होतं. तिथले लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकतात आणि पातं जरा बाहेर उडी मारतं. त्या ठोक्याला त्यांच्याकडे सावोयवाल्याचा ठोका म्हणतात. आमच्या पडवीच्या कठड्यावर मी तो मारते तेव्हा आई अजूनही दचकते.

कार्बन पोलादाने मला दुसरी एक दृष्टी दिली, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं म्हणून पातं वर्षानुवर्षं तसंच राहतं. कार्बनचं पातं मात्र जे कापलं ते लक्षात ठेवतं. कैरी कापली की मिनिटाभरात निळसर करडं, त्यावर जांभळी झाक. कांद्याने पिवळट. केळफुलाने एकदम काळं. आमसुलाचं ओलं फळ कापलं तर असा गडद डाग पडतो की जातच नाही. लगेच पुसलं नाही तर तांबडा गंज, तो पातं खातो. पुसत राहिलं तर हा काळपट थर बसत जातो आणि तोच पुढे गंजापासून राखतो. विळीवर कैरी चिरली की लगेच धुवून, पुसून, तेलाचं बोट फिरवून आडवी कर, असं लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. तेच हे. माझ्या ओपिनेलच्या पात्यावर टोकाकडे मेघांसारखे निळे पट्टे आहेत, ते २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यातल्या लोणच्याचे. वहीत आहे तसं: 'कैरी, अंदाजे ४ किलो'. कापलेल्या वस्तूची ही माझी पहिली नोंद, तेवीस वर्षांनी.

मग जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी. पितळी पत्र्याची दुमडलेली मूठ, ना स्प्रिंग, ना कुलूप. पात्याच्या बुडाशी एक शेपूट असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. हात सोडला की पातं मोकळं. तिथे एके काळी शाळकरी पोरं पेन्सिल तासायला हाच वापरायची, १९६० च्या सुमारास मुलांच्या हातून चाकू काढून घ्यायची मोहीम झाली तोपर्यंत. कुलुपांच्या आकृत्या काढण्यात मी सात वर्षं घालवली होती. हा चाकू हातात आला आणि कळलं की कुलूप म्हणजे आपला अंगठा. एवढा लक्ष देऊन मी दुसरा कुठलाही चाकू वापरत नाही.

याच सुमाराला मी विकायला सुरुवात केली. वहीत जास्तीत जास्त आकडा ६३ दिसतो. आता १९ आहेत. मखमलीतला पहिला गेला, बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरकडे. त्याला तो हातात धरून झालेला आनंद मला अगदी ओळखीचा होता आणि मी त्याला तवशाची गोष्ट सांगितली नाही. ज्याचं त्याला कळलेलं बरं. लोक विचारतात, रामपुरी आहे का? नाही. खटक्याच्या चाकूंवर काही ठिकाणी वेगळे नियम आहेत, आणि तसाही मला त्याचा मोह कधी पडला नाही. रामपूरच्या कारागिरांबद्दल मात्र आदर आहे. २०२३ मध्ये त्यांच्या शहरात चौकात सहा मीटरचा चाकू उभारला गेला, त्याचा फोटो मी जपून ठेवलाय. स्विसचॅम्प विकला नाही. बोयी अजून त्यानेच खवलते.

शेवटचा रकाना २०१९ चा आहे, निवृत्तीच्या अलीकडचा. 'झीज'.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी गेलं तर फरसाणाच्या डब्यांच्या झाकणांत चाव्या, नळाच्या तोट्या, आणि त्यांत एखादा चाकू सापडतो. तिथे मला जोसेफ रॉजर्सचा एक लेखणी-चाकू मिळाला. शेफिल्डची ही पेढी एके काळी हिंदुस्थानात घरोघर माहीत होती. गंजाखालून तारा आणि माल्टीज क्रॉसचा शिक्का दिसला तेव्हा माझे हात थरथरत होते. '६ नॉरफोक स्ट्रीट' आणि 'कटलर्स टू हिज मॅजेस्टी'. राजाचा उल्लेख आहे, राणीचा नाही, आणि शेजारी 'इंग्लंड' असंही कोरलंय, म्हणजे व्हिक्टोरियानंतरचा, १९०१ च्या पुढचा. लहान पातं मुळात लेखणीला टोक करायला असायचं. आपल्याकडे बोरू तासायला. त्या चाकूचं लहान पातं टोकाशी फक्त नखभर झिजलंय आणि मोठं पातं शाबूत आहे. कोणीतरी तो खरोखरच लिहिण्यासाठी वापरला असावा, असं मला त्या झिजेवरून वाटतं.

तेव्हापासून मी झीज वाचायला शिकले. सपाट दगडावर हाताने, सावकाश धार लावणाऱ्याचं पातं बुडापासून टोकापर्यंत सारखं आटत जातं. घाईने मध्येच घासणाऱ्याचं पातं पोटाशी खोलगट होतं. चाकाच्या सायकलवर धार लावून घेतलेली असेल तर उभे भरड ओरखडे दिसतात, आणि टोक हमखास उडालेलं. पूर्वी मी अशा पात्याला 'खराब' म्हणायचे. आता नव्या, कोऱ्या पात्यात मला बघण्यासारखं कमी सापडतं. एका माणसाच्या हाताची वीस-तीस वर्षांची सवय पोलादात उतरलेली असते आणि ती रॉकवेलच्या मशीनवर मोजता येत नाही. मायक्रोमीटरवरही येत नाही.

आता या ८० रुपयांच्या चाकूकडे येते.

भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं की उतार एकाच बाजूला आहे. उजवी बाजू घासलेली, डावी एकदम सपाट, दगडावर निजवून फक्त धार लावताना वळलेला कीस काढलेली. आपल्याकडे स्वयंपाकघरात असं सहसा कोणी करत नाही. असा चाकू मी लहानपणी पाहिलाय. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे कलमं बांधायला एक काका यायचे. कोय फुटून वर आलेल्या कोवळ्या रोपाला हापूसची काडी बसवायची, तर काडीला पाचरीसारखा छेद द्यावा लागतो आणि तो छेद आरशासारखा सपाट हवा. जरा पोकळी राहिली तर दोन्ही साली जुळत नाहीत आणि कलम मरतं. म्हणून चाकूची काडीकडची बाजू सपाट. दर दहा-पंधरा काड्यांमागे काका कमरेचा दगड काढून चाकू चार वेळा फिरवायचे, एकाच बाजूने. हा चाकू त्यांचा नाही, तो कुठून कुठे आला असेल मला ठाऊक नाही. पण ज्याचा होता त्याने तेच काम केलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चार दिवस तो टेबलावर तसाच होता. धार गेलेली, टोकापाशी गंज. धार लावली तर त्या माणसाची शेवटची रेघ पुसली जाणार. नाही लावली तर तो चाकू खणात पडून राहणार, आणि खोक्यातले चाकू मी पुरेसे सांभाळलेत. माझ्या हाताला दोन्हीकडून समान धार लावायची सवय आहे. ती इथे चालवली असती तर चाकूने आजवर जे जपलं ते दहा मिनिटांत संपलं असतं.

गुरुवारी सकाळी दगड भिजत घातला. उजव्या बाजूचा जुना उतार बोटाला लागत होता, त्यावरच पातं टेकवलं आणि त्याच कोनात फिरवलं. कोन ठरवायची गरजच नव्हती, त्याने ठरवलेला होता. मग डावी बाजू दगडावर पूर्ण निजवून दोनदा, फक्त कीस जाण्यापुरती. मूठ पुसली, तडा तसाच ठेवला, पितळेला हात लावला नाही. वहीत 'झीज' रकान्यात लिहिलं: एका बाजूची, उजवी. त्यात माझी थोडी.

काल त्याने काकडी चिरली. उतार उजवीकडे असल्यामुळे पातं आपोआप डावीकडे सरकतं आणि फोड तिरकी होते. मनगट किंचित बाहेर वळवलं की सरळ जातं. तिसऱ्या काकडीला जमलं.